तुरुंगाचा पहारा : काम आणि जबाबदारी

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आम्हांला लेख मागितला तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. आम्ही काही लेखक नव्हे. कारागृह खात्यात शिपाई म्हणून लागून हवालदार, सुभेदार होऊन निवृत्त झालेली आम्ही तिघे माणसे. परंतु चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आपली कितीतरी मुले-मुली आज पोलीस भरतीबरोबर कारागृह शिपाई भरतीचीही तयारी करीत आहेत. पहाटे मैदानावर धावतात, रात्री सामान्यज्ञानाची पुस्तके पाठ करतात. त्यांना विचारले की, ‘तुरुंगात काम काय असते रे?’ तर उत्तर येते, ‘कैद्यांवर लक्ष ठेवायचे.’ लक्ष ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते सांगताना जड जाते. आपल्या वस्त्यांतून जशी मुले पहाऱ्यावर जातात, तशीच काही मुले गजांच्या आतही जातात. आत गेलेल्या मुलाची आई जेव्हा मुलाखतीच्या खिडकीशी येऊन उभी राहते, तेव्हा तिच्याशी पहाऱ्यावरचा मनुष्य कसा बोलतो, यावर तिचा सारा दिवस अवलंबून असतो. म्हणून हा विषय केवळ नोकरीचा नाही.

आत कोण असते?

चांद्याच्या तुरुंगाचे नाव निघाले की आपल्या भागातील माणसाला वीर बाबुराव शेडमाके आठवतात. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या या गोंड वीरास २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. दरवर्षी त्या दिवशी लोक तेथे आदरांजली वाहण्यास जमतात. सरकारच्या दप्तरी जो गुन्हेगार ठरला, तो लोकांच्या मनात वीर झाला. तुरुंगाच्या दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शिपायाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी, असे आम्हांला वाटते. आतला मनुष्य दोषी की निर्दोष, हे ठरविणे पहारेकऱ्याचे काम नाही.

आणि हे केवळ मोठ्या माणसांपुरते नाही. आपल्या देशात २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते. म्हणजे दर चार बंद्यांपैकी तिघांचा खटला संपलेला नव्हता. जिल्हा कारागृहात तर बहुतेक भरणा न्यायाधीनांचाच असतो. मोठी शिक्षा लागली की त्यास नागपूर वा अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात पाठवितात.

हा फरक नव्या शिपायाने पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. शिक्षा झालेल्या बंद्यास चांगल्या वागणुकीबद्दल माफीचे दिवस मिळतात. नियमात बसल्यास संचित रजा म्हणजे फर्लो व अभिवचन रजा म्हणजे पॅरोल मिळू शकते. त्याच्यासाठी चांगले वागण्याचा हिशेब डोळ्यांसमोर असतो. न्यायाधीन बंद्यास यांपैकी काहीच नसते. त्याला पुढची तारीख माहीत असते, त्यापुढचे काही माहीत नसते. मग तो नीट का वागेल? आमच्या अनुभवाने याचे उत्तर एकच आहे. त्याला आपल्याशी न्यायाने वागतात असे दिसले, तर तो बहुधा नीट वागतो. दर चारांपैकी तिघांच्या बाबतीत शिपायाच्या हाती याखेरीज दुसरे साधन नाही.

मोजणी व झडती

तुरुंगाचा दिवस मोजणीने उघडतो आणि मोजणीनेच मिटतो. सकाळी बराकी उघडण्यापूर्वी मोजणी, संध्याकाळी बंद करताना मोजणी, आणि मध्ये पहारा बदलला की पुन्हा मोजणी. बंद्यांना दोन-दोनांच्या जोडीने बसवितात, बोट ठेवून मोजतात, आणि आकडा जुळेपर्यंत कुणी जागचे हलत नाही. कंटाळवाणे काम वाटते. पण तुरुंगातील बहुतेक मोठ्या चुका कंटाळ्यातूनच होतात. ३१ मार्च २०१५ रोजी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून गज कापून पाच बंदी पळाले, हे अनेकांना आठवत असेल. गज एका क्षणात कापला जात नाही.

मोजताना केवळ डोकी मोजू नयेत, चेहरे पाहावेत. काल बोलणारा आज गप्प आहे काय? कुणाच्या कपाळावर नवी खूण आहे काय? कुणी आपली चादर, साबण, वाटी दुसऱ्यास देऊन टाकली आहे काय? ही शेवटची गोष्ट फार धोक्याची. जीव द्यायचे ठरविलेला मनुष्य पुष्कळदा आपल्या वस्तू वाटून टाकतो. आत आल्याची पहिली रात्र, जामीन नाकारल्याचा दिवस, आणि घरून वाईट पत्र आल्याचा दिवस, हे तीन प्रसंग शिपायाने विशेष सांभाळावेत.

झडतीचेही तसेच. झडती कसून घ्यावी, पण अंगावरची अब्रू काढून घेऊ नये. स्त्री बंद्याची झडती स्त्री कर्मचाऱ्यानेच घ्यायची, हे १८९४ च्या कारागृह कायद्यापासून चालत आले आहे. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते. त्या मुलाच्या देखत आईस अद्वातद्वा बोलू नये, हे कुठल्या नियमात लिहिलेले नसले तरी पाळावे.

बोलणे

शिपायाचे अर्धे काम तोंडाने होते. आज्ञा एका वेळी एकच द्यावी, थोडक्या शब्दांत द्यावी, आणि आवाज न चढवता द्यावी. जे आपल्या हातात नाही ते ‘करून देतो’ असे कधीही म्हणू नये. ‘उद्या साहेबांना विचारून सांगतो’ असे म्हटले, तर उद्या खरेच विचारावे आणि उत्तर नकाराचे असले तरी जाऊन सांगावे. बाहेरच्या जगात दिलेला शब्द विसरला तर चालून जाते. आत बसलेल्या माणसाजवळ आठवण ठेवण्याशिवाय दुसरे काम नसते.

बंद्याकडून काही घेऊ नये, बिडीसुद्धा. ज्याने एक बिडी घेतली, त्याच्याकडे पुढच्या महिन्यात चिठ्ठी बाहेर नेण्याची आणि त्याच्या पुढच्या महिन्यात मोबाईल आत आणण्याची मागणी होते. तेव्हा नाही म्हणण्याची सोय उरलेली नसते.

भांडणे कशावरून होतात, असे आम्हांला लोक विचारतात. सिनेमात दाखवितात तशी टोळ्यांची भांडणे असतातच, परंतु रोजची भांडणे नळाच्या पाण्यावरून, झोपायच्या जागेवरून, भाजीच्या पळीवरून होतात. वाढप्याने ओळखीच्याच्या ताटात तळाची भाजी आणि दुसऱ्याच्या ताटात वरचे पाणी टाकले, की संध्याकाळपर्यंत डोके फुटते. म्हणून जेवणाच्या वेळी शिपायाने भिंतीला टेकून उभे न राहता पळीजवळ उभे राहावे. आम्ही तर म्हणू की पळीजवळचा एक शिपाई काठीवाल्या चार शिपायांच्या बरोबरीचा आहे.

भांडण लागलेच तर एकट्याने मध्ये उडी घेऊ नये. शिट्टी वाजवून मदत बोलवावी, बघ्यांना आधी बराकीत घालावे, दोघांना वेगळे करावे, आणि शांत झाल्यावर दोघांचे म्हणणे वेगवेगळे ऐकावे. त्याच दिवशी नोंद करावी. दुसऱ्या दिवशी लिहिलेली नोंद म्हणजे अर्धी नोंद.

एका थापडेची गोष्ट

आमच्यापैकी एकाची तरुणपणची गोष्ट सांगतो. कारागृहाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. उन्हाळ्याचे दिवस, नळाला पाणी कमी. रांग मोडली म्हणून त्याने एका बंद्यास चारचौघांत थापड मारली. बंदी काही बोलला नाही. तक्रारही केली नाही. आमच्या मित्रास वाटले, बरे झाले, धाक बसला.

चार-पाच महिन्यांनी त्याच बराकीत एका तरुण मुलाने रात्री दुपट्ट्याचा फास करून गळ्यात अडकविला. दैव बलवत्तर म्हणून रात्रपहाऱ्याच्या नजरेस पडला आणि वाचला. चौकशीत निघाले की, त्या मुलाचा विचार शेजारी झोपणाऱ्यास दुपारपासूनच ठाऊक होता. हा शेजारी म्हणजे तोच थापड खाल्लेला बंदी. आमच्या मित्राने त्यास विचारले, ‘अरे, सांगितले का नाहीस?’ तो खाली मान घालून म्हणाला, ‘सांगाले भेव लागला जी.’

ते वाक्य आमचा मित्र आजही विसरलेला नाही. धाक बसला होता हे खरेच, पण धाकाने तोंडे बंद झाली होती. शेकडो बंद्यांत शिपाई दोन-चार. त्यांच्या डोळ्यांना सारे दिसणे शक्य नसते. बाकीचे बंद्यांनी सांगायचे असते. ज्याला बंदी सांगत नाहीत, तो शिपाई आंधळा असतो.

शिक्षा कोणी द्यावी?

तुरुंगातील नियम मोडल्यास काय शिक्षा द्यावी, हे कायद्यात ठरलेले आहे. ती देण्याचा अधिकार अधीक्षकांचा. चौकशी व्हावी, बंद्याचे म्हणणे ऐकावे, शिक्षेच्या नोंदवहीत लिहावे, अशी पद्धत. शिपायाने पाहावे, थांबवावे आणि कळवावे. त्याने हात उचलला की तो स्वतःच कायदा मोडतो. १८९४ च्या कायद्यात बेड्या व फटक्यांच्या शिक्षासुद्धा होत्या. काळ पुढे गेला. तिहारमधील फाशीचा कैदी सुनील बत्रा याच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केले की तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत. त्याच बत्राने पुढे दुसऱ्या एका बंद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि त्या पत्रालाच अर्ज मानून न्यायालयाने निकाल दिला. साध्या कागदावरचे पत्र एवढे काम करते, हे बंद्यांनी आणि शिपायांनीही जाणावे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये नवा आदर्श कायदा तयार करून राज्यांकडे पाठविला. त्याच्या नावात कारागृहाबरोबर ‘सुधारसेवा’ हा शब्द आला आहे.

हात उचलण्याचा शेवट कुठे होतो, याचे उदाहरण दूरचे नाही. जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात मंजुळा शेट्ये या बंदिनीचा मृत्यू झाला. अंडी व पाव यांच्या हिशेबावरून तिला मारहाण झाल्याचा आरोप होऊन सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी त्या तुरुंगातील बंदिनी छतावर चढल्या. मंजुळा ही स्वतः वॉर्डर म्हणून काम पाहणारी, चांगल्या वागणुकीची बंदिनी होती. एक जीव गेला, सहा घरांतील कमावत्या स्त्रिया गजाआड गेल्या. भरतीस जाणाऱ्या आमच्या मुलींनी ही हकीकत अवश्य लक्षात ठेवावी.

झाडू कोणाच्या हाती?

आता एक गोष्ट आपल्या विशेष जिव्हाळ्याची. तुरुंगात स्वयंपाक, साफसफाई, बागकाम अशी कामे बंद्यांकडून करून घेतात. अनेक राज्यांच्या जुन्या नियमपुस्तकांत ही वाटणी जातीवर होती. स्वयंपाकाला अमुक जातीचा, झाडूला तमुक जातीचा. विमुक्त जमातींच्या माणसास तर सवयीचा गुन्हेगार समजूनच वेगळे वागवीत. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, परंतु नियमपुस्तकांतून त्याची सावली गेली नव्हती. सुकन्या शांता या पत्रकार भगिनीने हे उजेडात आणले व न्यायालयात दाद मागितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरविले आणि बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश दिला. बाबासाहेबांच्या घटनेतील सतरावे कलम तुरुंगाच्या भिंतीआड पोहोचण्यास पाऊणशे वर्षे लागली!

निकाल झाला, पण सकाळी झाडू कुणाच्या हाती द्यायचा हे ठरविणारा शेवटी बराकीवरचा मनुष्यच असतो. आडनाव विचारून काम देण्याची खोड नियमपुस्तकाबाहेरही टिकते. आपला मुलगा त्या जागी असेल, तर त्याने कामाची पाळी लावावी, ती भिंतीवर लिहावी, आणि पाळी आलेल्या प्रत्येकाच्या हाती झाडू द्यावा. कुणी ‘माझ्या जातीत हे चालत नाही’ म्हणाला, तर वाद न घालता पाटीकडे बोट दाखवावे. आणि उलट अंगानेही सांगतो. आपल्या माणसाला हलके काम आणि दुसऱ्याला जड, असे आपल्याकडूनही होता कामा नये.

भाषा आणि अंतर

आपल्या दोन जिल्ह्यांची म्हणून एक वेगळी अडचण आहे. एटापल्ली, भामरागड, धानोरा या भागांतून येणारे गोंड, माडिया बंदी पुष्कळदा मराठी नीट जाणत नाहीत. सिरोंचाकडचे लोक तेलुगू बोलतात. शिपाई ओरडतो, ‘जोडीत बस!’ समोरचा तसाच उभा राहतो. शिपायास वाटते, हा माजला आहे. वास्तविक त्याला शब्दच कळलेला नसतो. असा एक माडिया तरुण आमच्याकडे दोन दिवस जेवला नाही. उपोषण म्हणून कागद रंगविण्याची तयारी झाली. शेवटी गोंडी जाणणाऱ्या एका वृद्ध बंद्यास मध्ये घातले, तेव्हा कळले की, त्याला पकडल्याचे घरी ठाऊकच नव्हते आणि म्हातारी आई जंगलात शोधत फिरत असेल या काळजीने त्याचा घास उतरत नव्हता. निरोप गेला, तो जेवला. तेव्हापासून आम्ही गोंडीतील दहा-वीस शब्द शिकून घेतले. सकाळी ‘जोहार’ म्हटले की निम्मे काम होते.

अंतराचेही तसेच. सिरोंचा, भामरागडहून चंद्रपूर दोनशे किलोमीटरच्या घरात. यायला एक दिवस, जायला एक दिवस, आणि मजुरी बुडते ती वेगळीच. मोहफुलाच्या आणि तेंदूपानाच्या हंगामात तर घरचे कुणी येऊच शकत नाही, कारण वर्षाची रोकड त्याच दिवसांत हाती येते. त्या दिवसांत त्या बराकी चिडखोर होतात. कारण ठाऊक असले की शिपाई त्याला बेशिस्त म्हणत नाही. आणि एवढ्या लांबून आलेल्या माणसास एखादा कागद कमी आहे म्हणून न भेटता परत पाठविण्यापूर्वी वरिष्ठांना एकदा विचारावे. त्या एका भेटीने पुढचा महिना शांत जातो.

याच ठिकाणी कायद्याची थोडी माहिती उपयोगी पडते. कोठडीतील माणसास विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या न्यायाधीनाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, व एकाहून अधिक खटले असल्यासही ही सवलत नाही. न्यायालयास कळविण्याचे काम कारागृह अधीक्षकांचे. शिपायाने आपल्या बराकीतील कोण किती दिवसांपासून आहे हे कार्यालयाच्या कानावर घातले, तरी एखाद्या गरिबाचे घर लवकर उघडते.

विश्वासाचा प्रयोग

विश्वास टाकल्याने बंदी पळून जातील, असे पुष्कळांना वाटते. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून वसाहत आहे. औंध संस्थानच्या काळात, १९३९ मध्ये, शिक्षा झालेल्या बंद्यांना तेथे भिंतीवाचून शेती करीत राहू देण्याचा प्रयोग सुरू झाला. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. आज राज्यात अनेक खुली कारागृहे आहेत, गडचिरोलीतही आहे. १९७५ मध्ये जयपूरच्या तुरुंगात गोएंका गुरुजींनी विपश्यनेचे शिबिर घेतले आणि पुढे अनेक तुरुंगांत ती प्रथा पडली. या साऱ्याचा उपयोग होतो. मात्र आमचे नम्र मत असे की सकाळी शिबिर आणि दुपारी पळीत लबाडी, असे असेल तर शिबिराचा गुण राहत नाही.

पहारेकऱ्याचे मन

शेवटी शिपायाविषयी. बंदी कधीतरी सुटतो. शिपाई तीस-पस्तीस वर्षे त्याच दरवाजातून आत-बाहेर करतो. रात्रपाळी, रजेची ओढाताण, रोजच्या शिव्या आणि रोजची दुःखे. हळूहळू घरीही तो मुलांची मोजणी घेतल्यासारखा बोलू लागतो. आमच्या घरच्यांनी हे सोसले आहे. म्हणून नव्या मुलांना सांगतो की दारूच्या वाटेला जाऊ नका, कामावरून आल्यावर अर्धा तास कुणाशी न बोलता फिरून या, मनात सलणारी गोष्ट जुन्या सहकाऱ्यास सांगा. जो स्वतःचे मन सांभाळीत नाही, तो दुसऱ्याची वागणूक काय सांभाळणार?

असो. लेख लांबला. सेवेची सारी वर्षे मिळून आम्हांस एवढेच कळले की, बंद्यास सांभाळणे म्हणजे ठरलेल्या वेळी दार उघडणे, सर्वांना सारखे वाढणे, दिलेला शब्द पाळणे आणि हात न उचलणे. यात मोठेपणा काही नाही. परंतु हे रोज करावे लागते, आणि कुणी पाहत नसताना करावे लागते. भरतीस उभ्या राहणाऱ्या आपल्या मुला-मुलींना आमच्या शुभेच्छा आहेत. चाव्यांचा जुडगा हाती आल्यावर त्यांनी मुलाखतीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या त्या माउलीस आधी ‘बसा, बाई’ म्हणावे. बाकीची नोकरी आपोआप जमेल.